इथं थोडा अडथळा आहे

६ जून

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. बाबांचा खोकला गेला, आता फक्त सवय म्हणून खोकतात. दुकानात सायकली येतात तशा येतात. तुझी, भावजींची आणि छोटीची तब्येत कळव. तुझ्या वॉर्डातल्या त्या खडूस सिस्टरची बदली झाली का तेही कळव. झालं, पत्राच्या सुरुवातीला जे लिहायचं असतं ते लिहून झालं.

तू म्हणशील, याला फोन करायला काय झालं? फोनवर काय होतं ते तुला माहीत आहे. तू ‘कॉलेज’ म्हणतेस, मी ‘ठेवतो’ म्हणतो, आणि दोघंही ठेवतो. पत्रात निदान तुला मध्ये बोलता येत नाही.

बातमी अशी की मी परत विद्यापीठात जायला लागलोय. थांब, छोटीला उचलून नाचू नकोस. विद्यार्थी म्हणून नाही. वस्तीचा प्रतिनिधी म्हणून. हसू नकोस.

माझ्या जन्माच्या सुमाराला विद्यापीठाची माणसं वस्तीवर येऊन राहिली होती, तुला आठवत असेल. आपल्या लोकांची गाणी, गोष्टी, कुणाच्या उखाळ्या-पाखाळ्या, जे मिळेल ते टेप करून घेऊन गेली. त्या सगळ्या कॅसेट आजही आदिवासी अभ्यास केंद्राच्या कपाटात आहेत. दुसरा मजला, डावीकडची खोली, हिरवं लोखंडी कपाट, दार लावताना लाथ मारावी लागते. वस्तीत त्यातली एकही नाही. आपल्याच म्हाताऱ्यांचा आवाज ऐकायचा तर आपल्याला विद्यापीठाचं ओळखपत्र लागतं!

आता केंद्राच्या दारावर नवी पाटी लागली आहे, ‘समुदाय भागीदारी’. म्हणजे त्यांना परत वस्तीवर यायचंय, परत प्रश्न विचारायचेत, पण या वेळी आपल्याशी करार करून. आत्या पाटी वाचून म्हणाली, “भागीदारी म्हटली की वाटा आला. आमचा वाटा त्या कपाटात आहे. तो आधी काढा.” तिला वस्तीने बोलणी करायला नेमलंय, आणि तिने मला.

“मलाच का?” मी विचारलं.

“तुला राग येतो म्हणून. बाकीचे चहा पिऊन परत येतात.”

तर पहिली बैठक. लांबलचक टेबल, वर काच, काचेखाली जुनी वेळापत्रकं. पलीकडे केंद्राचे प्रमुख, म्हणजे सर. मला वर्गात शिकवायचे तेच. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. “अरे, तू तोच ना, वर्गातून...”

“तोच.”

सर समोरचे कागद चाळायला लागले. पंखा मात्र फार आवाज करत होता.

सरांचं म्हणणं, कॅसेटच्या प्रती देऊ, मूळ कॅसेट इथेच राहतील, आणि आजवर जसा कुणीही विद्यार्थी येऊन ऐकतो तसाच ऐकेल. ज्ञान सगळ्यांचं असतं, म्हणे. मी उठलो आणि टेबलावर हात आपटला. माझ्या मते हळू आपटला. पाण्याचा ग्लास उडून सरांच्या मांडीवर गेला. आत्याने टेबलाखालून असा चिमटा काढला की अजून निळं आहे. आणि तेव्हा कोपऱ्यातून एक मुलगी कापड घेऊन उठली, टेबल पुसलं, सरांना रुमाल दिला आणि मला म्हणाली, “प्रतिनिधीसाहेब, पुढच्या बैठकीला ग्लास रिकामे ठेवू का?”

ती कपाट सांभाळते. केंद्रात सगळे तिला टाचणी म्हणतात. बारीक आहे म्हणून पडलं असेल नाव, पण खरं कारण तिच्याशी बोलल्यावर कळतं. मला तिच्याबद्दल काहीही म्हणायचं नाही. तिचे केस कानामागे थांबत नाहीत, एवढं फक्त दिसलं. आणि कॅसेट हातात घेताना ती झोपलेल्या मांजराला उचलावं तशी घेते. आणि तिला जांभई आली की ती खिडकीकडे तोंड करते. बाकी काही माझ्या लक्षात आलं नाही.

आत्याने शेवटी असा तोडगा काढला की सर बघतच राहिले. आपल्याकडे भांडण सोडवायला बसतात तेव्हा कसं, एका बाजूने एक प्रश्न विचारला की दुसऱ्या बाजूलाही एक विचारता येतो. आणि उत्तर देताना विचारणारा समोर बसत नाही, भलताच कुणीतरी बसून ऐकतो. समोर विचारणारा असला की उत्तर त्याच्या तोंडाकडे बघून निघतं. आत्या म्हणाली, “तुम्ही आम्हाला प्रश्न विचारा. पण प्रत्येकाला आमचाही एक. दोन्ही टेप करा. आजवर तुम्ही आमचा अभ्यास केलात. आम्हालाही तुमचा करू दे की थोडा.”

सर हसले आणि हो म्हणाले. त्यांना वाटलं, गंमत आहे.

ताई, ते आवाज घरी आले पाहिजेत. मला या खेपेला दुसरं काहीही नको. का, ते विचारू नकोस. आणि ‘कॉलेज का सोडलंस’ हेही विचारू नकोस. दोन्ही एकदमच विचारायचं टाळ, म्हणजे बरं.

तुझा,
ज्याला तू भडकू म्हणतेस तो

ता. क. : टाचणी हे नाव वाईट आहे का गं? की बरं आहे?

—

१८ जुलै

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. म्हणजे पत्र कसलं, एक ओळ. ‘तिचे केस, तिची मांजर, तिची जांभई, आणि वर म्हणे काही लक्षात आलं नाही.’ एवढ्यासाठी तिकीट वाया घालवलंस! भावजींना माझा नमस्कार सांग, आणि हे पत्र त्यांना वाचायला देऊ नकोस. मागचं दिलंस, हे मला त्यांच्या हातच्या त्या हसऱ्या तोंडाच्या चित्रावरून कळलं.

आता ऐक. सरांचं टेपिंग झालं.

त्यांनी आत्याला विचारलं होतं, पूर्वी वस्तीत मुलीला मागणी कशी घालत. आत्याने सांगितलं, सविस्तर, तासभर, आणि त्यातलं बरंचसं बाबांच्या धांदरटपणाबद्दल होतं. मग तिची पाळी. तिने प्रश्न दिला, “तुम्ही कशी घातलीत?” आणि ती बाहेर जाऊन बाकावर बसली. मशीनपाशी मी.

सर आधी शास्त्रीय बोलले. विवाहसंस्था वगैरे. मग चष्मा काढून पुसत बसले. आणि मग ताई, त्यांनी गायला सुरुवात केली! त्यांनी म्हणे मॅडमना त्यांच्या घराखाली उभं राहून गाणं म्हणून दाखवलं होतं, स्वतः रचलेलं. चार कडवी. चारही म्हटली. दुसऱ्या कडव्यात मॅडमच्या वेणीची तुलना कशाशी केली आहे ते मी तुला सांगू शकत नाही. का नाही, ते पुढे येतंच आहे. मी खुर्चीचा दांडा चावून बसलो होतो. शेवटी त्यांचा आवाज जरा ओला झाला, मलाही कसंसं झालं, आणि मी मशीन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दुकानाचं शटर वर करतायत तोच सर स्कूटरवर हजर. हेल्मेट न काढताच आत्याच्या दारात.

“आत्या, ते कालचं माझं... ते तेवढं कुणाला ऐकवू नका.”

“का बरं? चांगलं गायलात म्हणे.”

“कोण म्हणालं?” सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

“पण सर,” आत्या म्हणाली, “ज्ञान सगळ्यांचं असतं ना? उद्या वस्तीतली पोरं ऐकतील, लिहून घेतील, दुसऱ्या कडव्याचा अर्थ काढतील.”

सरांनी हेल्मेट काढलं. खूप वेळ ते हेल्मेटच्या आत बघत बसले. मला त्यांची दया आली, खरं सांगतो. मग म्हणाले, “ठीक आहे. नियम करू या.”

पुढच्या बैठकीत असा नियम झाला. ज्याचा आवाज, त्याच्याकडे किल्ली. त्याची परवानगी असेल तर कुणी ऐकायचं, नाहीतर नाही. माणूस हयात नसेल तर किल्ली थोरल्या अपत्याकडे. इथे आपल्या शाळेतले एक मास्तर म्हणाले, थोरल्या मुलाकडे. मी म्हटलं, थोरलं कोण ते बघा, मुलगा-मुलगी बघू नका. जरा मोठ्याने म्हटलं. या वेळी ग्लास रिकामे होते. टाचणीने आधीच रिकामे करून ठेवले होते.

एवढं सगळं होऊन मूळ पेच तसाच आहे. सर म्हणतात, हा नियम नव्या टेपिंगला. जुन्या कॅसेट अभ्यासक्रमात आहेत, त्यांवर मुलं परीक्षा देतात. शिवाय जुन्यांवर नावंच नाहीत. ‘पुरुष, वृद्ध.’ ‘स्त्री, मध्यमवयीन.’ झालं. “नाव नाही तर किल्ली कुणाला द्यायची, तूच सांग,” म्हणाले. मला सांगता आलं असतं. पण सांगितलं नाही. दातओठ खात घरी आलो आणि बाबांच्या दुकानातल्या एका गरीब सायकलची चाकं इतकी घट्ट आवळली की ती आता फिरतच नाहीत.

आता दुसरं. तू वाचताना बस. उभी असशील तर बस.

टाचणीलाही प्रश्न द्यायची वस्तीची एक पाळी होती. आत्या म्हणाली, हा प्रश्न तू लिही. मी लिहायला बसलो तेव्हा माझ्या डोक्यात ‘कपाटातल्या कॅसेट कोणत्या क्रमाने लावल्या आहेत’ असा प्रश्न होता. हाताने काय लिहिलं ते चिठ्ठी आत्याच्या हातात गेल्यावर कळलं. आत्याने भर खोलीत, खणखणीत आवाजात वाचलं, “तुमचं मन कुणावर बसलंय का?”

सरांना ठसका लागला. मी टेबलाच्या काचेखालचं वेळापत्रक पाठ करायला घेतलं.

टाचणी म्हणाली, “उत्तर देते. विचारणाऱ्याने बाहेर जावं.”

आत मशीनपाशी आत्या. बाहेर मी. ताई, तुझ्या दवाखान्यात बाप लोक व्हरांड्यात फिरतात ना, तसा फिरलो. दार उघडलं. आत्या बाहेर आली आणि तिच्या चेहऱ्यावर ते हसू होतं, जे लहानपणी आपण तिच्या डब्यातला गूळ शोधत असताना असायचं. मागून टाचणी.

“काय सांगितलं?” मी विचारलं.

“कुलूप लावलंय,” ती म्हणाली. “नियम तुमचाच आहे, प्रतिनिधीसाहेब.”

आता गंमत बघ. कुलूप म्हणजे संगणकावरचं, आणि ते केलंय मीच. वस्तीच्या वाट्याचं टेपिंग मीच सांभाळतो. एक बटण दाबलं की कळतं. परवा खोलीत एकटा होतो. हेडफोन कानाला लावलेसुद्धा. मग माझ्या लक्षात आलं, मी हे ऐकलं तर सर उद्या म्हणतील, तुमच्याच माणसाने नियम मोडला. आणि त्यांचं खरं असेल. मग जुन्या कॅसेट गेल्याच. हेडफोन काढले, आणि कुणी पाहिलं तर काय म्हणून उगाच कान खाजवले. आत्याला म्हटलं, एक शब्द तरी सांग. आत्या म्हणाली, “तोंडाला हात लावून बघ माझ्या, कुलूप लागेल हाताला.”

म्हणजे टाचणीचा आवाज माझ्या ताब्यात आहे आणि मला ऐकता येत नाही. असा मी एकटाच मूर्ख असेन.

ताई, एक विचारू? तुला आईचा आवाज आठवतो का? नीट आठवतो, की नुसता आठवल्यासारखा वाटतो? असंच विचारलं. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

तुझा,
भडकू

—

९ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. सगळे मजेत. बाबा खोकायचे थांबलेत, कारण गेले काही दिवस ते गुणगुणतायत. हे पत्र लांब होणार. छोटीला भावजींकडे दे. आणि हे पत्र भावजींनी वाचलं तरी चालेल, पण तुझ्यानंतर.

आवाज घरी आले. हिरवं कपाट ट्रकमधून आलं, शाळेच्या मागच्या खोलीत ठेवलं. इथेही दाराला लाथ मारावी लागते.

कसे आले ते सांगतो, आणि ते सांगायचं तर जे मी दोन पत्रांत, आणि त्याआधी फोनवर, आणि त्याआधी तू सुट्टीला आली होतीस तेव्हा चार दिवस पायऱ्यांवर बसून टाळलं, तेच सांगावं लागतं.

सरांचा एक प्रश्न शिल्लक होता. त्यांनी तो मला दिला. “त्या दिवशी वर्गातून का गेलास?” देऊन ते बाहेर बाकावर जाऊन बसले. मला वाटलं, मशीनपाशी आत्या बसेल. आत्या म्हणाली, मला घरी काम आहे. तिला काही काम नव्हतं. टाचणी बसली.

मी आधी तेच बोललो जे सगळ्यांना वाटतं. राग आला, शिकवणं पटलं नाही, डोकं फिरलं. तिने मशीन बंद केलं नाही. नुसती बसली. त्या बसण्यापुढे मला खोटं बोलवेना.

ताई, त्या दिवशी सरांनी वर्गात एक कॅसेट लावली होती. आपल्या बोलीतलं गाणं. डब्यावर लिहिलेलं, ‘स्त्री, अंदाजे पंचवीस, नाव नोंदलेलं नाही.’ सगळ्यांच्या हातात भाषांतराचा कागद होता. मला कागद लागत नव्हता. मी मागच्या बाकावर, पाय पसरून, आता आपल्या बोलीतलं ऐकायला मिळणार म्हणून खुशीत.

बाई गात होती. छान गात होती. मध्येच एक पोर रडायला लागलं, आणि काय रडणं! वर्ग हसला. बाईने गाणं तोडलं आणि हाक मारली, “ए मुंगळे, घे गं त्याला. नाहीतर ही माणसं निघून जातील.” कागदावर ते वाक्य नव्हतंच. कागदावर कंसात लिहिलं होतं, अडथळा. सर म्हणाले, “इथं थोडा अडथळा आहे, तो सोडून पुढे ऐका.”

मुंगळी तुला एकच माणूस म्हणायचं. बाबांनी मला कितीदा सांगितलंय, तू कशी मुंगळीसारखी पायाला डसून मागे फिरायचीस ते.

ताई, मला तिचा आवाज माहीत नव्हता. दोन वर्षांच्या पोराला काय आठवणार. वीस वर्षांचा होऊन, चाळीस पोरांच्या मध्ये बसून, मी तो पहिल्यांदा ऐकत होतो आणि पोरं हसत होती. मला वाटलं, आपलं घर उघडं पडलंय आणि रस्त्यावरची माणसं आत डोकावतायत. “बंद करा ते!” म्हणून ओरडलो, बाक लोटला आणि निघालो. पुन्हा गेलो नाही. सगळे म्हणाले, याच्या नाकावर राग. बरंच झालं, सांगत बसावं लागलं नाही.

तुला का सांगितलं नाही? तू पहिलं विचारलं असतंस, कुठे आहे तो आवाज. मी म्हटलं असतं, विद्यापीठाच्या कपाटात, कुणीही ऐकतं, आपण सोडून. आई गेल्यावर तू माझी वेणीफणी सोडून सगळं केलंस, स्वतःची शाळा बुडवून केलंस, आणि तुला मी हे सांगायचं? आणून मगच सांगायचं, असं ठरवलं होतं. म्हणून आत्याने ‘येतोस का’ म्हटलं तेव्हा एका पायावर तयार झालो. आत्याला वाटलं, राग कामी आला.

हे सगळं मी मशीनला सांगितलं. म्हणजे टाचणीला. तिचे डोळे भरले होते, आणि तिने खिडकीकडे तोंड केलं नाही.

मग मी सरांना ऐकायची परवानगी दिली. किल्ली माझी होती, मी दिली. ते आत एकटे ऐकत बसले. बाहेर आले तेव्हा चष्मा हातात. मला वाटलं, आता भाषण होणार. ते जवळ आले आणि म्हणाले, “ते रडणारं पोर तू होतास?”

“हो सर.”

“आवाज तेव्हाही मोठाच होता.”

मी हसलो, ते हसले, आणि मग दोघांनाही नीट हसता येईना. संध्याकाळी त्यांनी करारात हाताने लिहिलं की जुन्या कॅसेटनाही तोच नियम. नावं नसतील तर वस्तीने ऐकून ओळखायची. आणि अभ्यासक्रमात काय ठेवायचं ते किल्लीवाल्यांना विचारून. मूळ कॅसेट कपाटासकट वस्तीकडे.

ओळखायचा दिवस तू बघायला हवा होतास! शाळेचं अंगण भरलेलं, मशीन मध्यभागी, टाचणी कॅसेट लावणार, सुरुवातीचं एकच वाक्य वाजवायचं, ओळख पटली की बंद. बायका ओरडतायत, “हा माझ्या सासऱ्याचा खोकला!” “गप, खोकला माझ्या दिराचा आहे, सासरे तेव्हा बोलत नव्हते तुझ्याशी!” त्या खोकल्यावर अर्धा तास गेला. मागच्या आळीतले सुतारकाका एका गाण्याला नाक मुरडून म्हणाले, “कोण हा बेसूर?” त्यांची बायको म्हणाली, “तुम्हीच. याच आवाजाला भुलून आले मी.” काकांनी लगेच, गाणं चांगलं आहे, टेप खराब आहे, असं ठरवलं. सर खाली सतरंजीवर बसून नावं विचारत होते, आणि त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला पोरं उलटा प्रश्न विचारत होती. दुसऱ्या कडव्याबद्दल. ते पोरांना कसं कळलं, मला माहीत नाही. मी सांगितलं नाही. आत्याच्या गुणगुणण्यावर माझा ताबा नाही.

मग ती कॅसेट टाचणीच्या हातात आली. ती माझ्याकडे बघत थांबली. मी उठून म्हटलं, “ही वाजवू नका. ही आमची आहे.” बाबा मागे भिंतीला टेकून उभे होते. त्यांना मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. ते सगळा वेळ हातातली किल्ली, खरी दुकानाची किल्ली, फिरवत उभे होते.

आत्या म्हणाली, “नियमाने किल्ली थोरलीची.”

“मी नवरा असून मला नाही?” बाबा म्हणाले.

“नाही.”

“ती होती तेव्हाही नव्हती,” बाबा म्हणाले, आणि सगळं अंगण हसलं, आणि बाबा डोळे पुसत हसले. मग म्हणाले, “पोरीला येऊ दे. पोरीबरोबर ऐकू.”

तेव्हापासून गुणगुणतायत. तेच गाणं असावं. पहिली ओळ मी ओळखली, पण पुढे ते चाल बदलतात की विसरतात, कळत नाही.

आता टाचणीचं. सांगतो, कारण नाही सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस. ओळखायच्या दिवशी सगळं आवरून झाल्यावर तिने मला सांगितलं, जा, ऐक. परवानगी दिली! मी हेडफोन लावले. एवढंच होतं, “बसलंय. माणूस भांडखोर आहे. शर्टाचं वरचं बटण लावत नाही कारण ते नाहीच. पुढचं विचारायचं असेल तर त्याने माझ्या समोर बसून विचारावं, आमच्याकडे तशी पद्धत आहे.” मी समोर जाऊन बसलो. काय विचारलं आणि काय उत्तर आलं, त्याला आम्ही दोघांनी मिळून कुलूप लावलंय. तुला किल्ली मिळेल, पण आधी येऊन तिला बघ. आणि बटण लाव माझं, मला येत नाही.

कॉलेजचं म्हणशील तर सर म्हणतात, पुढच्या वर्षी मागल्या बाकावर जागा आहे. मी म्हटलं, पुढच्या बाकावर बसेन, मागून ओरडायला लांब पडतं. बघ, मी ‘ठेवतो’ म्हटलं नाही.

आता खरं.

ताई, ती कॅसेट कपाटात आहे, सगळ्यात वरच्या फळीवर. टाचणी म्हणाली, मी बाहेर जाते, तू ऐक, कुणाला कळणार नाही. मी हातात घेतली आणि परत ठेवली. नियमासाठी नाही. त्यात ती तुला हाक मारते. तू तिथे नसताना ती हाक मी कशी ऐकू?

मला फक्त एवढं माहीत आहे की हाकेनंतर पावलं येतात, छोटी, पळत. मग माझं रडणं लांब लांब जातं. तू मला घेऊन बाहेर गेली असणार. मग ती खाकरते आणि पुन्हा गायला लागते. तिथपर्यंत ऐकलं आणि मी वर्गाबाहेर पडलो. पुढचं गाणं मी ऐकलेलं नाही. आणि माझ्या डोक्यात एक विचार आला, तू तरी कुठे ऐकलं असशील? तू तर मला घेऊन अंगणात फिरत होतीस.

रजा काढ. छोटीला आण, भावजींना आण, त्यांना वाटलं तर चित्रही काढू देत. खोलीत चार खुर्च्या मांडून ठेवल्या आहेत. बटण तू दाबायचं. या वेळी मी रडलो तर बाहेर नेऊ नकोस, तिथेच बसून ऐक.

वाट बघतोय. बाबाही.

तुझ्या कडेवरचा,
थोडा अडथळा